फुकट्या कुंड्या

माझ्या नणंदेला त्यांच्या कामाच्या ठिकाणी भेटायचं असेल, तर आधी तोंड धुवावं लागतं. मी वैतागून सांगतेय, पण खोटं सांगत नाही. त्यांच्या कुंडीघराच्या, म्हणजे प्रयोगाची पिकं कुंड्यांत वाढवतात त्या शेडच्या, दारातच एक बेसिन आहे. तिथे चेहऱ्याची पावडर, क्रीम, जे काही असेल ते साबणाने काढायचं, रबरी चपला बाहेर ठेवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. मी शिवणकाम करते. दुकानात गिऱ्हाइकांसमोर जरा नीटनेटकं बसावं लागतं. डबा द्यायला म्हणून जायचं आणि धुतलेल्या तोंडाने परत यायचं, याचा मला किती संताप येत असे ते माझं मला माहीत.

"पावडरीत जस्त असतं," ताई शांतपणे सांगायच्या. "रबरातही असतं. तुझ्या गालावरचं जस्त माझ्या गव्हात जायला नको."

"ताई, माझ्या गालावर आहे तरी किती?"

"गव्हाला पुरेल इतकं."

मग मी मुकाट बेसिनकडे वळायची.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गल्लीत सगळे त्यांना मागून जंतूताई म्हणतात आणि समोर नुसतं ताई. त्या पिकांच्या संशोधन केंद्रात सूक्ष्मजीवांच्या विभागात आहेत. लग्न केलं नाही, संसार मांडला तो जंतूंशी. आमच्याकडेच राहतात, पुढच्या खोलीत. मी लग्न करून आले तेव्हा पहिल्याच दिवशी फ्रीजमध्ये काचेच्या नळ्या दिसल्या. मी विचारलं, औषध आहे का कुणाचं. ताई म्हणाल्या, "नाही गं, जिवंत आहेत ते." त्या दिवशी मी जेवले नव्हते.

त्यांचं काम काय, ते मला कळायला वेळ लागला. मी काजं-बटणं करत बसलेली असायची, त्या समोर येऊन बसायच्या आणि मी विचारलं असो वा नसो, सांगत राहायच्या. मातीत जस्त असतं, पण कुलूपबंद असतं. मुळांना ते घेता येत नाही. काही जंतू मात्र असे असतात की ते मुळाला चिकटून राहतात, आंबट पाझर सोडतात आणि ते कुलूप उघडतात. असा एक जंतू ताईंनी स्वतः शोधून काढला होता, एका पडीक बांधावरच्या गवताच्या मुळातून. त्याच्या जोडीला जस्ताचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे इतके बारीक की पिठाचा कण त्यांच्यापुढे डोंगर. ओंबी बाहेर पडली की ते पाण्यातून पानांवर फवारायचे, पण हात राखून, कारण जास्त झाले तर तेच कण जंतूंच्या जिवावर उठतात. जंतूंनी खालून द्यायचं, कणांनी वरून, आणि जस्त दाण्यात भरायचं.

"पण कशाला?" मी विचारलं होतं.

"कितीतरी मुलं नुसत्या धान्यावर वाढतात. पोट भरतं त्यांचं, पण अंग भरत नाही. जखम लवकर भरत नाही, दुखणं घर सोडत नाही. गोळ्या कुठवर वाटणार? दाण्यातच घातलं तर दोन घास खाणाऱ्यालाही मिळेल."

हे ऐकल्यावर मी नळ्यांबद्दल कुरकुर करणं सोडलं. त्या फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ठेवल्या आणि वर लिहून ठेवलं, कुणी हात लावायचा नाही.

प्रयोग ऐकायला सोपा होता. काही कुंड्या साध्या, त्यांना काहीच द्यायचं नाही. काहींना नुसते जंतू, काहींना जंतू आणि कण दोन्ही. माती सगळ्यांना एकच, जस्त कुलूपबंद असलेली. शेवटी दाणे दळून यंत्रात तपासायचे. साध्या कुंड्यांचे दाणे गरीब निघाले आणि बाकीच्यांचे श्रीमंत, की काम फत्ते. मग केंद्राच्या शेतात तुकडा मिळणार आणि तिथून पुढे लोकांच्या शेतात. ताईंना आयुष्यात दुसरं काही नको होतं. साडी नको, सहल नको. शेतातला एक तुकडा हवा होता.

पहिल्या हंगामात फरक दिसलासुद्धा. पण चिमण्यांनी सगळा घात केला. कुंडीघराच्या छपराची काच फुटलेली, तिथून थवेच्या थवे आत. ओंब्या अशा साफ केल्या की तपासायला मूठभर दाणे राहिले. ताईंचे साहेब म्हणाले, मूठभर दाण्यांवरून मी कुणाला काही सांगू शकत नाही. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

ताई घरी येऊन चहा न पिता बसल्या होत्या. ते माझ्या नवऱ्याने पाहिलं. तो फॅब्रिकेशनचं काम करतो. खिडक्यांचे ग्रिल, फाटकं, जिने. ताई शिकत होत्या तेव्हा घरात दोघांच्या शिक्षणाचा मेळ बसत नव्हता, म्हणून हा शाळा सोडून वर्कशॉपला लागला होता. कधी बोलून दाखवलं नाही त्याने, पण ताई शिकल्या म्हणजे आपणच शिकलो, असं त्याच्या मनात पक्कं आहे. तो केंद्रात गेला, माप घेतलं आणि सलग सुट्ट्यांमध्ये एकट्याने उरलीसुरली काच उतरवून त्या कुंडीघराला वरून आणि चहूबाजूंनी जाळी बसवली. असली घट्ट जाळी, की चिमणीची चोच जायची नाही.

"नातवंडं म्हातारी होतील, पण ही जाळी गंजायची नाही," तो सांगत सुटला. पाहुणे आले की त्यांना केंद्रात घेऊन जायचा, जाळी दाखवायला. "ताईच्या संशोधनात माझाही हात आहे," असं म्हणायचा. ताई हसायच्या. त्यांना खरंच आनंद झाला होता.

चिमण्या थांबल्या. दाणे पोतंभर मिळू लागले. आणि फरक गायब झाला.

साध्या कुंड्यांचे दाणेही श्रीमंत निघायला लागले. काही दिलेलं नाही, काही केलेलं नाही, तरी जस्त भरलेलं. जंतूवाल्या आणि ह्या अगदी मांडीला मांडी लावून. एकदा झालं, ताई म्हणाल्या चूक झाली असेल. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या हंगामात पुन्हा तेच. मी त्या साध्या कुंड्यांना फुकट्या म्हणायला लागले. काम ना धाम, आणि पंगतीत सगळ्यांत पुढे. ताईंनाही तो शब्द आवडला. संध्याकाळी दार उघडून आत आल्या की मी विचारायची, "काय म्हणतात फुकट्या?" आणि त्यांचं तोंड बघूनच कळायचं.

पुढची सगळी वर्षं ताईंनी फुकट्यांना जस्त कुठून मिळतं ते शोधण्यात घालवली. तोंड धुवायचं बेसिन तेव्हाच आलं. माती बदलली. पाणी यंत्रात गाळून प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवलं. कुंड्या आम्लाने धुतल्या. रबरी हातमोजे हद्दपार झाले. सफाईवाल्या बाईंचं हाताच्या भेगांवरचं मलम बंद केलं, त्या बिचाऱ्या रडल्या. माझ्या तर प्रत्येक डबीवर काय लिहिलंय ते भिंगातून वाचायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "ताई, आता मला आम्लात बुडवून काढा म्हणजे झालं." त्या हसल्यादेखील नाहीत. कुठे घोडं पेंड खातंय तेच कळत नव्हतं, आणि त्या प्रश्नाने बाईला आतून पोखरून टाकलं होतं. रोज सकाळी त्याच उमेदीने निघायच्या, म्हणून मला जास्त राग यायचा. कुणावर, ते सांगता येणार नाही.

निवृत्ती जवळ आली तेव्हा साहेबांनी हात टेकले. ताईंना बोलावून म्हणाले की तुमचे जंतू काही करत नाहीत असंच आता लिहावं लागेल. कुंडीघर फुलझाडांच्या विभागाला द्यायचं ठरलं आहे, रिकामं करा.

रिकामं करायला मी मदतीला गेले. सवयीने तोंड धुतलं. थंडीची सकाळ होती, सगळं दवाने ओलं. ताई खाली वाकून कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या काढत होत्या, आणि त्यांच्या चष्म्यावर वरून एक थेंब पडला. त्यांनी पदराने पुसला. काच स्वच्छ होईना. पांढुरकं काहीतरी राहिलं होतं, पिठासारखं. त्यांनी चष्मा डोळ्यांसमोर धरला, बराच वेळ बघितलं आणि मग मान वर केली.

मीही वर बघितलं. जाळी. गंज नावाला नव्हता. पण तारेतारेवर पांढरी भुकटी धरली होती, आणि प्रत्येक तारेखाली थेंब लोंबत होते.

"गंजू नये म्हणून तारेवर काय चढवतात, माहीत आहे?" ताई म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं.

"जस्त."

त्या दिवशी त्यांनी जाळीखाली काचेच्या बशा मांडल्या. दुसऱ्या दिवशी बशांतलं पाणी यंत्रात घातलं. घरी आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. "भरपूर," एवढंच म्हणाल्या. दर थंडीत, दर पहाटे, वरून जस्त ठिबकत होतं. सगळ्या कुंड्यांवर सारखं. फुकट्यांना आकाशातून जेवण मिळत होतं आणि ताई खाली बसून माझ्या गालावरची पावडर धुवत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आम्हाला तोंडं धुवायला लावलीत," मी म्हटलं, "आणि वरून जस्ताची आंघोळ चालू होती. चला, आत्ताच्या आत्ता साहेबांना सांगा. आणि घरी ह्यालाही सांगते मी."

ताईंनी माझा हात धरला. "साहेबांना मी सांगणारच आहे. पण त्याला नाही सांगायचं. माझी शपथ आहे तुला."

"का म्हणून?"

"तो ती जाळी लोकांना दाखवतो गं."

मी पुष्कळ वाद घातला. असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत म्हटलं, तो काही काचेचा बनलेला नाही म्हटलं. पण ताईंचं एकच टुमणं. त्याने माझ्यासाठी शाळा सोडली, आणि आता मी त्याला सांगू की माझी इतकी वर्षं तुझ्या हाताने वाया गेली? शेवटी मी मूग गिळून गप्प बसले. मला ते पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही.

साहेबांना त्यांनी सगळं सांगितलं, चूक माझीच असं म्हणून. साहेब माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले की कुंडीघर तर गेलं, ते मी परत मागू शकत नाही. पण घरी कुठे मोकळी जागा असेल तर थोड्या कुंड्या लावा. दाणे आपल्याच यंत्रात तपासू. फरक दिसला तर तुम्ही निवृत्त व्हायच्या आत मी शेतातला तुकडा मागतो आणि हे काम दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देतो. नाही दिसला तर संपलं.

घरी मोकळी जागा म्हणजे आमची गच्ची. पेरणीची वेळ टळत आली होती. ताईंनी धावपळ करून कुंड्या भरल्या, प्लास्टिकच्या, एकूण एक धुऊन. गाळलेल्या पाण्याचे कॅन आम्ही दोघी जिन्यावरून वर नेत होतो. नवऱ्याला सांगितलं की हौस म्हणून लावलंय. त्याला बरंच वाटलं.

ओंब्या आल्या आणि चिमण्याही आल्या. मग मी शिलाई मशीन गच्चीवर नेलं. गिऱ्हाइकं तिथेच माप द्यायला येऊ लागली. एकीकडे कापड सरकवायचं, मध्येच टाळ्या वाजवायच्या. त्यातून पोरींच्या फ्रॉकला लावतात त्या जाळीदार कापडाच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येक ओंबीला एक. कापड आधी ताईंनी तपासून आणलं. हूक नको, चेन नको, बटण नको, नुसती दोऱ्याची नाडी. मी इतकी वर्षं शिवतेय, पण गव्हाला टोप्या शिवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

"हे काय ध्यान?" नवरा वर येऊन म्हणाला. "दिवसभर टाळ्या काय वाजवतेस? माझ्याकडे जाळीचा गुंडाळा पडून आहे. एका दिवसात करून देतो."

"नको," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"का?"

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मशीनकडे. "उगाच कशाला त्रास," ताई म्हणाल्या. "थोडे तर दिवस आहेत."

त्याने ते मनावर घेतलं नाही. आपल्याला त्रास द्यायचा बायकांना संकोच वाटतोय, एवढंच त्याच्या डोक्यात गेलं. मला दिसत होतं ते. मी ताईंना त्याच संध्याकाळी पुन्हा म्हटलं, सांगून टाका. त्या म्हणाल्या, "दाणे हातात येऊ देत, मग सांगेन. तेव्हा काम झालेलं असेल, त्याला लागणार नाही इतकं."

दाणा दुधात आला. फुकट्या कुंड्यांची पानं पिवळट दिसायला लागली होती, बाकीच्या हिरव्यागार. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत होता. ताईंनी मला प्रत्येक कुंडीपाशी नेऊन दाखवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गुणगुणताना मला ऐकू आल्या. यंत्रावर दाणे तपासायची वेळ ठरवून घ्यायला त्या केंद्रात जाणार होत्या. मी म्हटलं, मीही येते. त्या दिवशी त्यांच्याबरोबर असावंसं वाटलं. नवऱ्याला सांगितलं, जरा चिमण्यांकडे बघ.

काम झालं. साहेबांनी स्वतः वेळ लिहून दिली. परत येताना आम्ही रस्त्यात थांबून चहा प्यायलो आणि शेतातला तुकडा मिळाला तर कडेच्या बाजूचा मागायचा का मधला, यावर ताई बोलत राहिल्या.

घरी आलो तर नवरा जिन्यातच उभा. हातावर ओरखडे, शर्ट घामाने चिकटलेला आणि चेहऱ्यावर असं हसू, की मला त्याच क्षणी कळलं.

"ताई, डोळे मीट," तो म्हणाला. "हात दे. चल वर."

ताईंनी डोळे मिटले नाहीत. त्या त्याच्या मागून चढत गेल्या, मी त्यांच्या मागून.

गच्चीभर जाळी चमकत होती. चारही कोपऱ्यांत खांब, वरून ताणून बसवलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. काम सुरेखच होतं, ते मान्य करावं लागेल. माझ्या टोप्या त्याने काढून घडी घालून मशीनवर ठेवल्या होत्या.

"आता टाळ्या नकोत आणि काही नको," तो म्हणाला. "नवीन जाळी तेलकट होती, तीही पाइपने धुऊन काढली. वरूनच धुतली, म्हणजे गव्हालाही पाणी मिळालं."

कुंड्यांत पाणी साचलं होतं. पानांवरून अजून थेंब गळत होते. मातीवर, ओंब्यांवर, सगळीकडे तारेचे बारीक तुकडे आणि कानशीचा भुगा. फुकट्यांवर सर्वांत जास्त, कारण त्या खांबाजवळ होत्या.

ताई कठड्यावर बसल्या.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. मग माझ्याकडे वळून पुन्हा, "काय झालं तिला?"

"ताई, आता तरी सांगा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "आता काय वाचवायचं राहिलंय?"

त्यांनी सांगितलं. दोन-चार वाक्यांतच. थेंब, तारेवरचं जस्त, कुंडीघर, साहेबांनी दिलेली ही शेवटची संधी. निवृत्तीआधी दुसरं पीक यायचं नाही, हेही सांगितलं. आवाज अगदी साधा, वर्गात शिकवतात तसा.

नवरा ऐकत उभा राहिला. हातातली पक्कड त्याने खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय बरं वाटतंय?"

तो वळला आणि कोपऱ्यातल्या खांबाचे स्क्रू काढायला लागला. राहू दे आता, असं मी म्हटलं, पण त्याने ऐकलं नाही. जाळीचा एक कोपरा सुटून खाली लोंबला. ताई उठल्या, माझ्या मशीनच्या खणातला चिमटा घेतला आणि एका फुकट्या कुंडीपाशी बसून मातीतले तारेचे तुकडे एकेक करून वेचू लागल्या. त्याचा काही उपयोग नव्हता, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मीही त्यांच्याजवळ बसले आणि नखांनी वेचायला लागले.

स्क्रू काढता काढता तो पाठमोराच बोलला. "इतकी वर्षं त्या खोलीत होतीस. माती बघितलीस, पाणी बघितलंस, हिच्या डब्या आणि चपलासुद्धा तपासल्यास. एकदाही वर नाही बघितलंस?"

ताईंनी एक तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"वरचं तू केलं होतंस ना," त्या म्हणाल्या. "म्हणून नाही बघितलं."